चिमीचा पाय

बँकेच्या कोपऱ्यावरचा गतिरोधक काही कालपरवा झालेला नाही. बाबांनी तो इतक्या वेळा ओलांडलाय की झोपेतसुद्धा त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जाईल. तरी गुरुवारी, मी मागे बसलेली असताना, पुढचं चाक त्यावर चढलं, उतरलं, हँडलमधून खाडकन आवाज आला आणि गाडी तिरकी होऊन सरळ फुटपाथकडे निघाली. बाबांनी कसाबसा पाय टेकला. माझा चष्मा नाकावरून घसरून मांडीवर पडला. एक माणूस केळी खात उभा होता, तो केळं तोंडात तसंच धरून दोन पावलं मागे सरकला. आणि बाबा म्हणाले, काही नाही, खड्डा होता. खड्डा नव्हता. खड्डा नव्हता हे मला दिसलं, चष्म्याशिवाय दिसलं, त्या केळं खाणाऱ्याला दिसलं, आणि मागे वळून बघितलं असतं तर बाबांनाही दिसलं असतं. पण मागे वळून बघणाऱ्यांतले बाबा नव्हेतच. त्यांनी गिअर टाकला आणि मला दुकानाच्या दारात सोडेपर्यंत महापालिकेला शिव्या घातल्या.

दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. भिंग बदलायचं, विचारायचं, आता बरं दिसतं की आधी? परत बदलायचं, परत विचारायचं. माणसं या प्रश्नाला फार घाबरतात. परीक्षाच असल्यासारखी उत्तरं देतात, काहीजण तर बाहेर थांबल्या थांबल्या तक्त्याची शेवटची ओळ पाठ करून येतात. त्या गुरुवारी माझं कशातच लक्ष नव्हतं. खाडकन आवाज कानातून जाईना. कारण त्याच कोपऱ्यावर, त्याच्या आधी थोडेच दिवस, बाबा आईसकट पडले होते. पडले म्हणजे अगदी आडवे नाही, पण आईचं कोपर सोलवटलं आणि तिने ते मला न सांगता आधी दादाला फोन करून सांगितलं. दादा परदेशात. तिथून त्याला इथलं सगळं स्पष्ट दिसतं. त्याने मला फोन केला आणि एका वाक्यात निकाल लावला: चावी काढून घे. काढून घे म्हणे! जसं काही लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यायची आहे. ज्या माणसाने आयुष्यभर लिफ्टची देखभाल केली, ज्याच्या भरवशावर शेकडो माणसं रोज वर गेली आणि धड खाली आली, त्याच्या हातातून मी चावी काढून घ्यायची. आणि हा येणार वर्षाकाठी एकदा, बाबांसाठी स्वेटर घेऊन.

मी दादाला म्हटलं, घाई करू नकोस, आधी गाडी बघू दे. पुढच्या फोर्कमधलं, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांमधलं, तेल मेलं असणार. तेल मेलं की गाडी अशीच आपटते, अशीच पळते, त्यात चालवणाऱ्याचा काय दोष? दादा म्हणाला, तुला खात्री आहे? मी म्हटलं, रविवारी उघडते, मग सांगते. गाडीत दोष निघाला तर चावी बाबांकडे राहील. नाही निघाला तर मी स्वतः काढून घेईन. असा सौदा मी करून बसले. फोन ठेवल्यावर वाटलं, हा सौदा करायला मला कुणी सांगितलं होतं? पण मला खात्रीच होती. खात्री कसली, मला ते तेल काळं निघायला हवं होतं. इतकं मनापासून मी कधी काही मागितलं नसेल.

आणि आता हे महाशय, ज्यांची वकिली मी करतेय ते, माझ्याच विरुद्ध साक्ष देत होते. रविवारी सकाळी मी त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पोहोचले, जुने कपडे घालून, केस बांधून, तर बाबा स्टुलावर बसून म्हणतात, कशाला उघडतेस? तेल मी बदललंय. मी म्हटलं, कधी? तर म्हणे, थंडी संपताना. मी म्हटलं, मग गाडी आपटते का? तर म्हणे, रस्ते खराब आहेत. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला आठवतंय नीट? इथे मात्र त्यांचा चेहरा असा झाला की मी पाना शोधायच्या निमित्ताने खाली वाकले. थोड्या वेळाने ते ठासून म्हणाले, "दोन्ही बाटल्या रिकाम्या केल्यात मी." म्हणजे विषय संपला. आमच्या घरात या वाक्याच्या पुढे बोलायची सोय नाही.

या बाटल्या म्हणजे आमच्या दुधाच्या बाटल्या. एक दादाची, एक माझी. आईने त्या कधीच टाकून दिल्या असत्या, पण बाबांना त्यांच्यावरच्या खुणा आवडायच्या. औषधाइतकं अचूक माप, वर पकडायला सोपी, म्हणून आम्ही दूध सोडल्यावर त्या गाडीच्या सेवेला लागल्या. फोर्कला पाय दोन, दोन्हींत तेल सारखंच पडलं पाहिजे, थेंबभर इकडेतिकडे चालणार नाही. म्हणून बाबा काम सुरू करायच्या आधीच दोन्ही बाटल्या खुणेपर्यंत भरून पायरीवर मांडून ठेवायचे. उजवा पाय दादाचा, डावा चिमीचा. चिमी म्हणजे मी. डोक्यात पांढरे केस आले, तरी पार्किंगमध्ये मी चिमीच. एका पायाचं काम पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही: खालचा स्क्रू काढायचा, जुनं तेल वाहू द्यायचं, हँडल वरखाली करून उरलंसुरलं बाहेर काढायचं, स्क्रू बसवायचा, वरून बाटली रिकामी करायची, टोपण आवळायचं, फडकं मारायचं. मग दुसरा पाय. आणि शेवटी दोन्ही बाटल्या रिकाम्या म्हणजे काम चोख. लिफ्टच्या कामातून आलेली ही शिस्त. मोजायचं काही नाही, आठवायचं काही नाही, नुसतं बघायचं. दादाला या कामाचा कंटाळा यायचा, तो क्रिकेट खेळायला पळायचा. मी मात्र माझी बाटली दोन्ही हातांनी धरून बसून राहायचे, कधी माझा पाय येतो म्हणून. कारण आधी नेहमी दादाचा. मी एकदा विचारलंही होतं, माझा आधी का नाही? तर म्हणाले, उजवीकडून सुरुवात करायची असते. झालं. आजतागायत त्याला दुसरं कारण मिळालेलं नाही.

गाडी मधल्या स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा सरकवला, पुढचं चाक अधांतरी झालं. हे सगळं करताना बाबांच्या सूचना चालूच होत्या. ठोकळा आडवा घाल. आडवा म्हणजे असा नाही. पाना कुठला घेतलास? तो नको. मी सांगते तुम्हाला, दिवसभर अनोळखी माणसांशी मी कमालीच्या शांतपणे बोलते. एखाद्या आजोबांनी तेच अक्षर दहा वेळा चुकीचं वाचलं तरी आवाज चढत नाही. पण बाबांनी "तो नको" म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वरून आई बाल्कनीत कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने उभी. तेवढे कपडे त्या घरात नाहीतच. तीच चादर तिने किती वेळा झटकली देव जाणे. खाली वाकून बघायचं नाही आणि आत जायचंही नाही, असं तिचं चाललं होतं.

उजव्या पायाच्या पाइपवर तेलाची ओलसर कड दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, बघा, सील गेलंय. बाबा म्हणाले, सील नवीन आहे. नवीन तर नवीन. मी वाद घातला नाही. गळतंय म्हणजे गाडीतच दोष आहे, हे मी मनातल्या मनात दादाला ऐकवूनही टाकलं. आणि मुद्दाम, निव्वळ खोडसाळपणाने, डाव्या पायापासून सुरुवात केली. बाबांनी तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, बाटल्या वर राहिल्या, धुवून आणतो. आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले, जिना चढू लागले. बाटल्या धुतलेल्याच असतात, ते प्रत्येक वेळी परत धुतात.

डाव्या पायाचा स्क्रू काढला. तेल आलं, काळंकुट्ट, पातळ, सडक्या माशासारखा वास. भांड्यात जेमतेम पडलं आणि थांबलं. मी अक्षरशः हसले. हात कोपरापर्यंत बरबटलेले, आणि मी एकटी पार्किंगमध्ये हसतेय. बदललं म्हणे! कसलं बदललंय! वर्षानुवर्षं हात लावलेला नाही, आळस केला आणि आता थापा मारतायत. थापा मारणारे बाबा मला चालत होते. गेल्या वर्षी माझ्या दुकानात त्यांचे डोळे तपासले, तर शेवटची ओळ घडाघडा वाचली. मला शंका आली. मी तक्ता उलटवून दुसऱ्या बाजूचा लावला, तर तीच ओळ परत, तितक्याच ठसक्यात. पोट धरून हसलो होतो दोघं. खोटारडे, हट्टी, पाठांतर करून पास होणारे, हे माझ्या ओळखीचे बाबा. मी हँडल वरखाली केलं, उरलेलं काळं पाणी झटकलं, स्क्रू परत आवळला आणि आनंदाने उजव्या पायाखाली थाळी सरकवली.

उजव्यातून आलं ते लालसर, स्वच्छ. मी बघत राहिले. ते थांबायला तयार नव्हतं. एका पायात मावतं तेवढं येऊन गेलं, तरी धार चालूच. मी थाळी वाकडी केली, कडेपर्यंत आली, सांडेल म्हणून दुसरा हात खाली धरला. तेल बोटांतून वाहत होतं आणि त्याला कसलाही वास नव्हता. तरी त्यातलं काही सील फोडून आधीच बाहेर गेलेलं. हिशेब करायची गरज नव्हती. दोन्ही बाटल्या. बाबांनी दोन्ही बाटल्या दादालाच पाजल्या होत्या.

आधी मला हसूच आलं, खोटं कशाला बोलू? घ्या, इथेही तोच. मग हसू गेलं. मला ती सकाळ डोळ्यांसमोर दिसायला लागली. दादाचा पाय उघडला, रिकामा केला, भरला, आवळला, पुसला. गुडघा दुखला म्हणून उठले असतील, किंवा आईने चहाला हाक मारली असेल. चहा पिऊन आले. पायरीवर एक भरलेली बाटली. समोर एक पाय. उघडला, ओतली, आवळला, पुसला. तेल काठापर्यंत चढताना दिसलं नसेल? टोपण बसवताना स्प्रिंगने हात ढकलला नसेल? ढकललाच असेल, आणि त्यांनी दात-ओठ खाऊन जोर लावून ते बसवलं असेल. मग मागे होऊन बघितलं. दोन्ही बाटल्या रिकाम्या. काम चोख. ते थाप मारत नव्हते. एक पाय तुडुंब, दुसरा उपाशी, आणि वर आईला बसवून हा माणूस रोज त्या कोपऱ्यावरून जात होता. मला इतका राग आला की पाना फेकून द्यावासा वाटला. कुणावर, तेही कळेना. बाबांवर, दादावर, त्या बाटल्यांवर, आणि सौदा करून बसलेल्या माझ्यावर. तेल काळं निघायला हवं होतं ना? निघालं की एका बाजूने. देवाने मागितलेलं दिलं, आणि निम्मंच दिलं.

जिन्यावर पावलं वाजली. मी विचार केला नाही. थाळी उचलली आणि लाल तेल भांड्यातल्या काळ्या तेलात ओतलं. बोटानेच ढवळलं. क्षणात सगळं सारखं काळं झालं.

बाबा आले, स्टुलावर बसले, बाटल्या फडक्याने आतून कोरड्या करायला लागले. भांड्याकडे बघून म्हणाले, "काळं?" मी म्हटलं, काळं. मग विचारलं, "दोन्ही?" मी म्हटलं, दोन्ही. बाबांचं पुसणं थांबलं. बाटलीत फडकं तसंच, बोट आत. बाल्कनीतून चादर झटकल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाले, म्हणजे मी बदललंच नव्हतं? आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी किती मूर्ख आहे. खरं सांगितलं असतं तर एक चूक झाली असती. खोटं सांगून मी त्यांची ती अख्खी सकाळच खोडून टाकली. आता बरं दिसतं की आधी? दोन्ही भिंगांतून वाईटच. मी घाईघाईने म्हटलं, बदललं होतं हो बाबा, तेलच भेसळीचं असणार, महिन्यात काळं पडलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. ते त्या तेल विकणाऱ्याबद्दल बोलायला लागले, त्याच्या बापापासून सुरुवात केली. मला इतकं हायसं वाटलं की मीही त्या बिचाऱ्याला दोन शिव्या घातल्या. बोलता बोलता बाबांनी नव्या डब्यातून दोन्ही बाटल्या भरल्या. हात जराही हलला नाही. डोळ्यांसमोर धरून, एक डोळा मिटून, खुणेला खूण लावून त्यांनी त्या पायरीवर मांडल्या. असा हात असलेल्या माणसाकडून मी चावी काढून घेणार होते होय? मी उजव्याचा खालचा स्क्रू आवळला, माझी बाटली उचलली, डावा पाय उघडला, ओतली, टोपण आवळलं, फडकं मारलं.

आणि दादाचा फोन आला. त्याला वेळ कशी साधते कोण जाणे. फोन तेलकट हाताच्या दोन बोटांत धरून मी गेटपर्यंत गेले, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. तो म्हणाला, काय निघालं? मी म्हटलं, गाडीत दोष आहे. तेल खराब होतं, सील गेलंय, बाबांचा काही संबंध नाही. तो म्हणाला, नक्की? मी म्हटलं, नक्की. तरी तो उकरत राहिला. आई असं म्हणाली, आई तसं म्हणाली, बाबांनी परवा त्याला एकच गोष्ट दोनदा विचारली. मी म्हटलं, तू दहादा विचारतोस त्याचं काय? तू ये इथे, हात काळे कर, मग बोल. फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. मी जिंकले होते. चावी बाबांकडे राहणार होती.

वळून आले तर बाबा स्टुलावरून उठले होते. एका हातात दादाची भरलेली बाटली, दुसऱ्या हातात पाना. पाना डाव्या पायाच्या टोपणावर. मी आत्ताच आवळलेलं, पुसलेलं ते टोपण निम्मंअधिक सैल झालेलं, आणि बाबा अतिशय मन लावून ते फिरवत होते. ओठांची घडी घातलेली, एक डोळा तसाच मिटलेला. उजवा पाय रिकामा, शेजारीच. मी ओरडणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण वर आई चादर झटकायची थांबली होती, कठड्यावर दोन्ही हात ठेवून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूसही नव्हता. तिला माहीत होतं. ती इतके दिवस सगळं माहीत असूनच मागे बसत होती.

"बाबा," मी म्हटलं, "तो झालाय. तो माझा."

बाबांनी बाटलीकडे बघितलं, टोपणाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून जरा वैतागूनच म्हणाले, "तुझा कुठे झाला? तुझाच तर राहतो दर वेळी."

हे त्यांना आठवलं, की समजलं, की नुसतं तोंडातून गेलं, मला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. इतका वेळ ज्या रागाच्या जोरावर मी उभी होते तो राग नेमका गरज असताना सापडेना. मी टोपण परत आवळलं. बाबांनी बाटली माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, तूच घाल. मी दादाच्या पायात ओतली, ते वाकून बघत राहिले, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग बाबांनी दोन्ही रिकाम्या बाटल्या पायरीवर ठेवून त्यांच्याकडे बघितलं. म्हणाले, झालं. या वेळी खरंच झालं होतं.

ठोकळा काढला, चाक जमिनीवर टेकलं. एक चक्कर मारून बघायची असते, ती नेहमी बाबा मारतात. ते पुढे आले आणि सवयीने त्यांचा हात चावीकडे गेला. मी आधीच चावी लावून पुढे बसले होते. मी म्हटलं, मागे बसा. बाबा तसेच उभे राहिले. मग त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि बसले, गुडघा दुखत असावा, थोडं कण्हत. बसल्यावर हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचेना. मागे बसायची त्यांना सवयच नव्हती. शेवटी एक माझ्या खांद्यावरच ठेवला. बँकेच्या कोपऱ्यावरचा गतिरोधक आला. मी वेग कमी केला नाही. चाक चढलं, पुढचा भाग अलगद खाली बसला, अलगद वर आला. आवाज नाही, झटका नाही, गाडी सुतासारखी सरळ. खांद्यावरच्या हाताने मला थोपटलं.

"बघ," बाबा मागून म्हणाले, "मी सांगत होतो ना. गाडीत काही दोष नाही."

"हो बाबा," मी म्हटलं.

परत आल्यावर मी चावी काढली आणि खुंटीला लावण्यासाठी त्यांच्याकडे देण्याऐवजी माझ्या पर्समध्ये टाकली. दादाला पुन्हा फोन करावा लागणार होता, आणि तो काय म्हणेल ते मला पाठ होतं. बाबा पर्सकडे बघत होते. मी चेन लावेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, मंगळवारी आईला दवाखान्यात न्यायचंय. मी म्हटलं, मी येईन. दुकान? मी म्हटलं, दुकानाचं बघते मी.

"वेळेवर ये," बाबा म्हणाले, "तुझा नेहमी उशीर असतो." आणि दोन्ही बाटल्या उचलून, धुवायला वर घेऊन गेले.